मशीननं विचारलं होतं

सोमवार, १७ नोव्हेंबर

लिही, सोनिया. मी सरूबाई. मूळची पिशोर गावची, सध्या गुडघ्यांच्या औषधासाठी नातवाकडं शहरात, पुंडलिकनगरात मुक्काम. अक्षर वळखत नाय. शाळेला जन्मभर सुट्टी दिली, तोंडाला एक दिवस दिली नाय.

रोजनिशीची हौस मला नाय. गरज हाय ती नातसुनेची. तिच्या बोटांना सराव पाहिजे आणि सरावाला न थांबता बोलणारं माणूस पाहिजे. शिवराज म्हणाला, "मग आजी कशाला हाय घरात?" मेल्याला कधीमधी चांगलं सुचतं.

सराव कशाला, तेही सांगते. शिवराज माझा नातू, बिडकीनकडं कंपनीत कामाला. कंपनीनं त्याला ब्रेक दिलाय. कंत्राटातल्या पोरांना काही महिने झाले की घरी बसवतात, मग बोलावतात. कधी नायबी बोलावत. घरी बसलेल्या बाप्याचे हात शिवशिवतात. आधी त्यानं पंखा खोलला. मग मिक्सर खोलला, त्यात एक स्क्रू उरला तो अजून देव्हाऱ्यात ठेवलाय. मग त्याची नजर कॉम्प्युटरवर गेली.

कॉम्प्युटर म्हणजे सोनियाचा धंदा. लग्नपत्रिका, बारसं, वास्तुशांती, दहावं-तेरावं, सगळ्याची कार्डं ती घरी बसून रचते आणि औरंगपुऱ्यात रत्नमालाच्या प्रेसवर छापून आणते. शिवराज म्हणाला, आतली सिस्टिम चोरीची हाय, म्हातारी झाली, घडीघडी अडकते. खरंच अडकायची. माझ्यासारखीच, उठायला वेळ लावायची. मग त्यानं पेनड्राइव्ह लावून नवीन घातली. लिनक्स म्हणतात तिला. फुकट, आणि कोणा एकाच्या मालकीची नाय. जगातली माणसं मिळून तिची दुरुस्ती करतात. मी म्हटलं, म्हणजे आमच्या पिशोरच्या आडासारखी, ज्याला गाळ दिसला त्यानं काढावा. "हौ आजी, तसंच!" लई खूश झाला.

पण नवीन घालताना जुनं सगळं पुसून गेलं. सोनियानं लग्न होऊन आल्यापासून रचलेली कार्डं, तिनं काढलेली तोरणं, कलश, मोर, सगळं. आपोआप पुसतं म्हणे ते. काही कार्डं पेनड्राइव्हवर होती, ती उघडली तर नुसते कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरं. जुनी अक्षरं जुन्याच सिस्टिमला कळतात. आणि बटणंही बदलली. सोनिया टायपिंगच्या क्लासात मिनिटाला चाळीस शब्दांची मराठी परीक्षा पास झालेली, डोळे मिटून टाइप करायची. आता एकेक अक्षर शोधते.

म्हणजे सगळं घर माझ्यासारखं अडाणी झालं. मला जरा बरं वाटलं. हे लिहू नको. लिहिलंस ना? टकटक ऐकू आली मला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज सर्जेराव आला. आमच्याच गावचा, मला आत्या म्हणतो. त्याच्या नातीचं लग्न पुढच्या महिन्यात हाय. तिची पत्रिका सोनियानं निम्मी रचली होती, तीही गेली. सोनियानं त्याला खरं सांगितलं.

सर्जेराव म्हणाला, "गेली तर गेली मॅडम, बरंच झालं. मी तसंबी बदल सांगायलाच आलो होतो. कडुबाचं नाव घाला."

"काका, तुम्हीच काढायला लावलं होतं."

"तेव्हा आम्हा भावांचं बांधावरून वाकडं होतं. आता तो म्हणतो, मांडवाचा खर्च मी करतो. मग नाव कुठं घालावं? निमंत्रकात घातलं तर थोरला फुगंल. प्रेषकात घातलं तर हा फुगंल."

मी म्हटलं, "सर्जेराव, नवरीचं नाव तरी असंल का कार्डात, का तिला जागा नाय उरली?"

"आत्या, नवरी काय रुसत नाय. भावकी रुसते."

शिवराज आतून पाणी घेऊन आला. सर्जेरावानं त्याला वरखाली बघितलं. "तू बन्सीचाच पोरगा ना? दिवसाढवळ्या घरीच?" बन्सी माझा लेक, शिवाचा बाप, गावाकडं शेती बघतो.

शिवा म्हणाला, "काका, नवीन सिस्टिम टाकलीय. आता कामं फास्ट होतील."

"व्हय का? बरं मग मॅडम, शुक्रवारी येऊ का बघायला?"

त्यानं शिवाकडं बघितलंच नाय. गिलास मात्र त्याच्याच हातात दिला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

नळाचा दिवस. सकाळपासून टाक्या, बादल्या, पिंपं. सोनियाची पाठ धरलीय, तरी बसली.

नवीन मशीन चलाख हाय, खोटं कशाला बोलू. बटण दाबलं की उठून उभं. मध्येच अडकणं नाय, कोपऱ्यात भलत्याच बाया येऊन साबण विकणं नाय. माझा कीर्तनं लावायचा चौकोन आधी डावीकडं होता, आता खाली गेला. रंगावरून सापडला मला. प्रिंटरनं मात्र तोंड फिरवलं होतं. शिवा त्याच्याशी दोन दिवस झगडला, काळ्या पडद्यावर कायकाय लिहीत बसला, आणि आज आपण होऊन प्रिंटरनं कागद बाहेर टाकला. शिवा असा नाचला की खालच्या मजल्यावरच्या बाईनं छताला काठी ठोकली.

त्याला काही अडलं की तो इंटरनेटवर लिहून टाकतो आणि परमुलखातला कोणी अनोळखी माणूस उत्तर देतो. आज कोणीतरी उलट यालाच विचारलं. प्रिंटर कसा चालू केला, आम्हाला सांगा म्हणून. शिवानं ते मला वाचून दाखवलं, मग सोनियाला वाचून दाखवलं, मग परत मला. पाठ कशी ताठ झाली होती त्याची. कंपनीतून आल्यापासून एवढी ताठ बघितली नव्हती.

सोनिया म्हणाली, "छान आहे," आणि परत 'ज्ञ' शोधायला लागली.

बुधवार, २६ नोव्हेंबर

चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, कांद्याची पात. खंडोबाला निवद दाखवला. शिवानं दोन रोडगे जास्त खाल्ले, सोनियानं ताटात नुसता हात फिरवला.

दुपारी तोरण काढत होती. आंब्याची पानं आणि मधे झेंडूचं फूल. पहिलं तोरण तिचं स्वतःचं होतं, गिऱ्हाइकं तेच मागायची. नवीन सिस्टिममधे चित्र काढायचं वेगळं हत्यार हाय, तेही फुकट, तेही चांगलं, पण हात बसायचा हाय. पान काढलं की माशासारखं दिसायचं. काढलं, पुसलं. काढलं, पुसलं. मग पदर डोळ्याला लावून बसली. मी म्हटलं, कांद्याची पात लागली वाटतं डोळ्याला. तिनं मान हलवली.

शिवा तिच्या खुर्चीमागं उभा राहून सांगत होता, "असं नाय, तिथं दाब. कंट्रोल धर. मी दाखवू का? मी बसू का?"

"नको," सोनिया म्हणाली.

"मी शिकलो तर दोघं मिळून करता येईल ना काम."

"आधी मला तरी येऊ द्या."

तेवढ्यात रत्नमालाचा फोन. ती फोनवर बोलते तेव्हा शेजारच्या गल्लीला फोन लागतो. "अगं बाई, सीझन सुरू झाला, माझ्याकडं जुनी मशीन हाय, येऊन बस इथं! पगार ठरवू!" सोनिया म्हणाली, "नको ताई, घरीच बरं आहे. आजी असतात घरी."

माझं निमित्त. मी काय पळून जाणार हाय या गुडघ्यांनी?

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज सांगण्यासारखं काय नाय. नळ नाय, पाहुणा नाय. शिवा बाजारात गेलाय. सोनिया म्हणते, "काहीपण बोला आजी. आता कुठं हात बसायला लागलाय."

बरं. ही सिस्टिम घातली त्या दिवसाचं सांगते. तू रत्नमालाकडं कागदाचे नमुने आणायला गेली होती. मी याच पलंगावर मेथी निवडत बसले होते. शिवा मशीनपुढं. पडद्यावर इंग्रजी आलं की मी विचारायचे, "काय म्हणतंय रे?" आणि तो वाचून सांगायचा. आधी मशीननं विचारलं, भाषा कोणती. मग विचारलं, राहता कुठं. मी म्हटलं पुंडलिकनगर सांग. त्याला फक्त कलकत्ता माहीत होतं, मग तेच सांगितलं. म्हणजे त्या मशीनच्या हिशेबात आपण कलकत्त्याला राहतो.

मग ते थांबलं. पडद्यावर दोन गोल आले, एकाखाली एक. मी म्हटलं, "आता काय?" शिवा म्हणाला, "विचारतंय, जुनं हाय तसं ठेवून बाजूला राहू, का सगळं पुसून राहू?" मी म्हटलं, वळण चांगलं हाय, भाडेकरू असावा तर असा. शिवानं बाण वरच्या गोलावर नेला. मग खाली नेला. परत वर. एवढा वेळ लावला की माझी एक जुडी निवडून झाली. मी म्हटलं, "चहा पिऊन ठरव बाबा."

हात का थांबवलास? मी बोलतेय ना.

सोनिया विचारते, "मग? वरचा दाबला का खालचा?"

खालचा. मग त्यानं परत विचारलं, पक्कं का, पुसलेलं परत मिळणार नाय. दोनदा विचारलं बघ बिचाऱ्यानं. आपला धाकटा जावई तर एकदाही न विचारता मोटारसायकल घेऊन जातो. शिवानं दाबलं आणि उठून गॅलरीत गेला. पडद्यावर पट्टी भरत होती, ती मीच बघत बसले. त्याचा चहा निवला, त्यावर साय आली, तरी आत आला नाय.

सोनिया म्हणते, आज इथंच थांबू, बोटं दुखतात. आत्ताच तर म्हणाली हात बसलाय.

मंगळवार, २ डिसेंबर

मधे लिहिणं झालं नाय. सोनिया शनिवारपासून प्रेसवर जाते. सकाळी डबा घेऊन जाते, दिवेलागणीला येते. सर्जेरावाची पत्रिका तिथंच, जुन्या मशीनवर रचली. इथल्या कॉम्प्युटरवर जुन्या साडीचा तुकडा टाकून ठेवलाय, दुखवट्याच्या घरात टीव्हीवर टाकतात तसा. आज मी हट्ट केला म्हणून तो काढून बसलीय.

घरात काहीतरी बिनसलंय. मला वाटतं कडुबाच्या नावावरून सर्जेराव तिला टाकून बोलला असंल. विचारलं तर म्हणते, "नाही आजी, सीझन आहे." शिवाला विचारलं तर म्हणतो, "काय नाय." काय नाय तर मग ताटं वेगवेगळ्या वेळेला का वाढावी लागतात?

सोनिया, तुला समोरच सांगते, म्हणजे लिहितानाच ऐकशील. नवऱ्याशी भांडायचं तर आवाज करून भांडावं. मी शिवाच्या आज्याशी भांडायचे तर निम्मं पिशोर ओट्यावर येऊन बसायचं. ज्याचं चुकलं त्याला लोकच सांगायचे. हे मुकं भांडण कोणी शिकवलं तुम्हाला?

नुसतं लिहिलं तिनं.

लई पटापट लिहायला लागलीय आता. न बघता.

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज हात शिवाचे हायत. एका बोटानं टाइप करतो, कोंबडी दाणा टिपते तसं. मी सावकाश बोलतेय. मीच त्याला बसवलंय.

परवा तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "आजी, तू तिला काय सांगितलं?"

"कशाचं?"

"सिस्टिम घातली त्या दिवसाचं."

"बघितलं ते सांगितलं. मेथी निवडत होते ते."

"तुला इंग्रजी कुठं येतं? तुला काय कळलं?"

"तूच तर वाचून दाखवत होता की रे."

तो खाली बसला. फरशीवरच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सोनियाला त्यानं आपोआप पुसलं म्हणून सांगितलं होतं. मीही तसंच धरून चालले होते. डोळ्यांनी बघितलं ते एकीकडं, कानांनी ऐकलं ते दुसरीकडं, दोनीची गाठ मी घातलीच नव्हती. सोनियानं ती जागच्या जागी घातली, माझंच बोलणं लिहिता लिहिता.

का थांबला? लिही. तुझी बोटं हायत, तोंड माझं हाय.

गेले दोन दिवस तो पुसलेलं उकरून काढायच्या मागं होता. तसलंही सॉफ्टवेअर असतं म्हणे. त्यातून निघालं काय, तर अर्धा गणपती, एका मोराची शेपटी आणि नावं नसलेल्या फायली. काल सोनिया आल्यावर तिला ते दाखवायला गेला. मी स्वयंपाकघरात होते, पण भिंती काय कानाला आड येत नायत.

"जुनी सिस्टिम परत घालून देतो," शिवा म्हणाला. "कुठूनबी आणतो."

"असू द्या ही. चांगली आहे. हिनं विचारलं तरी होतं, दोनदा. मला तुम्ही एकदाही विचारलं नाही."

"जुनं बाजूला राहिलं असतं तर तू नवीनला हात लावला नसता. मला वाटलं, पाटी कोरी झाली की दोघं बरोबरच शिकू. मीबी तुझ्याबरोबर..."

"पाटी माझी होती."

"येणारा प्रत्येक माणूस मला विचारतो, घरीच का. मी नुसता दार उघडायला राहिलो होतो, सोनिया."

"मग दार उघडायचं नव्हतं. कार्डं कशाला पुसली?"

त्यावर तो काय बोलला ते ऐकू आलं नाय. शिवा, काय बोललास? सांग, तेही घाल.

म्हणतो, काही बोललो नाही.

मी त्याची बाजू घेणार नाय. लहानपणी लई घेतली, तेवढी पुरे झाली. पण तो एकेक अक्षर टिपतो, पुसतो, परत टिपतो, तेही मला दिसतंय. हे लिही. नको काय म्हणतो, हे पण लिही.

रविवार, ७ डिसेंबर

आज परत सोनियाचे हात. प्रेस बंद हाय.

सर्जेराव सकाळी पहिलं कार्ड देवापुढं ठेवून दुसरं मला द्यायला आला. कडुबा निमंत्रकातच हाय, थोरल्याच्या जोडीनं, एकाच ओळीत. दोघंही फुगले नायत म्हणे, म्हणजे लग्नात फुगतील. जाताना सोनियाला म्हणाला, "मॅडम, धाकटीचंबी जमत आलंय. कार्डाला इथंच येऊ ना?"

सोनिया म्हणाली, "कळवते काका."

शिवा दारातच उभा होता. त्यानं ते ऐकलं.

रत्नमालाला उद्या उत्तर द्यायचंय. कायमचं टेबल देते म्हणाली, सकाळ ते संध्याकाळ, हवं तर. सर्जेराव गेल्यावर सोनियानं साडीचा तुकडा काढला, घडी केली, मशीन चालू केलं. मग शिवाला हाक मारली. मी पलंगावरच होते. कोणी मला बाहेर जा म्हटलं नाय आणि मी काय आपणहून जाणारी नाय.

"या मशीनमधे माझं वेगळं खातं काढायचंय," ती म्हणाली. "माझं काम त्यात. तुमचं तुमच्या खात्यात."

"काढतो."

"मी काढणार. तुम्ही फक्त सांगा."

त्यानं सांगितलं, तिनं दाबलं. मधे एकदा त्याचा हात पुढं आला, परत मागं गेला.

"आणि नवीन काही बसवायचं, काढायचं, पुसायचं, ते मशीन कोणाला विचारतं?"

"ज्याच्याकडं मालकी हाय त्याला. पासवर्ड मागतं."

"आत्ता कोणाकडं आहे?"

"माझ्याकडं."

"ती मला द्या. तुमच्याकडची काढून."

शिवानं माझ्याकडं बघितलं. मी गुडघ्याला तेल चोळत होते, चोळत राहिले. "मग मला एखादं बारीकसं काही करायचं असलं तर?" तो म्हणाला.

"मला विचारायचं."

"कंपनीनं बोलावलं नाय तर दिवसभर मी..."

"तर दिवसभर विचारायचं."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती, म्हणून गिळलं. मग शिवानं विचारलं, "म्हणजे तू प्रेसवर जाणार नाय ना?"

"जाणार. दुपारपर्यंत. उरलेलं काम घरी आणायचं का, ते अजून ठरलं नाही."

"कधी ठरंल?"

ती म्हणाली, "तोंड तिकडं करा. पासवर्ड घालायचाय."

शिवा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. भिंतीवर कॅलेंडर हाय, ते वाचत असंल. सोनियानं पासवर्ड घातला. मशीननं परत मागितला, परत घातला. मी बघितला, पण मला बघू द्यायला काय हरकत हाय. मग तिनं ही फाइल उघडली, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाली, "बोला आजी." म्हणून बोलतेय.

"वळू का?" शिवा विचारतो.

सोनिया टाइप करतेय.

"झालं का? वळू?"

सोनिया, त्याला सांग की काहीतरी. नाय सांगत. बोटं चालू हायत, ओठ दाबलेले. डोळ्यात पाणी हाय का काय, पडद्याच्या उजेडात नीट दिसत नाय मला. मी थांबले तर तिचे हातही थांबतील, आणि मग तिला त्याला उत्तर द्यावं लागंल. अजून तिच्याजवळ ते नसंल. तर मग मी बोलतच राहते. लिही, पोरी. यंदा पिशोरला तुरीला शेंगा चांगल्या धरल्यात, बन्सीचा फोन आला होता. म्हणाला, खालच्या वावरात किडीनं जरा त्रास दिला, पण वरच्या वावरात...